चार वाजताचा भात

तुंबाड मी पहिल्यांदा बघितला तो २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, पुण्यात, रात्रीच्या शोला, आणि अख्ख्या थिएटरात आम्ही जेमतेम पंधरा जण असू. ऑफिसमधली एक मैत्रीण मागं लागली होती की बघच, राक्षसाचा पिक्चर आहे, जुना मराठी वाडा आहे, पाऊस आहे, तुला आवडेल. मला भीतीचे पिक्चर आवडतात हे तिला माहिती होतं, का आवडतात ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पिक्चर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. १९१८ साल, कोकणातलं पडकं घर, बाहेर धो धो पाऊस, आई घरी नाही, दोन लहान भाऊ आणि आतल्या बंद खोलीत साखळीनं बांधलेली एक म्हातारी. तिला वेळेवर जेवायला घालायचं असतं, आणि एक दिवस ते काम थोरल्यावर, म्हणजे विनायकवर येतं. तो पोरगा जेवण घेऊन त्या दाराकडं निघाला आणि मी मान खाली घातली. म्हातारी अजून नीट दिसलीही नव्हती, तिचा मेकअप किती भयानक आहे वगैरे नंतर कळलं, मला बघवेना ते त्या पोराच्या हातातलं जेवण. शेजारची दोन पोरं पॉपकॉर्न खात होती आणि मी सदतीस वर्षांची बाई खुर्चीचा दांडा धरून बसले होते, कारण तसं जेवण घेऊन मी तशा दाराकडं तीन वर्षं रोज गेले होते.

आमचं घर वाईला, गंगापुरीत. पुढं पडवी, मग माजघर, त्याच्या डाव्या हाताला बाळंतिणीची खोली, मागं स्वयंपाकघर आणि परसदार. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता तेवढाच. माझ्या बाबांचा जन्म त्या खोलीतला, दोन आत्यांचाही. घरात बाळंतपणं व्हायची बंद झाली तशी तिथं गहू-तांदळाच्या कोठ्या आल्या आणि १९८९ मध्ये माई, म्हणजे माझी आजी, मोरीत पडून खुब्याचं हाड मोडून घेऊन अंथरुणाला खिळली तेव्हा कोठ्या माजघरात सरकवून तिची कॉट तिथं लावली. झिरोचा बल्ब दिवसभर चालू. निलगिरी तेल, डेटॉल, ओव्याची धुरी, आणि त्या सगळ्याच्या खालून येणारा तो एक वास, ज्यांच्या घरात माणूस अंथरुणावर असतं त्यांना तो माहिती असतो.

बाबा फलटणला नोकरीला, शनिवारी रात्री यायचे. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, साडेपाचच्या आत काही घरी येऊ शकायची नाही. माझी शाळा सकाळची. म्हणून माईला चार वाजता भरवायचं काम माझ्याकडं आलं. आई सकाळी जातानाच मऊ भात करून ठेवायची, मी तो दुपारी थोडं पाणी घालून स्टोवर गरम करायचा, त्यात साजूक तूप, मेतकूट, मीठ, चमच्यानं चांगलं घोटायचं म्हणजे शीत राहायला नको, कारण माईला ठसका लागायचा. मग पितळेची वाटी फडक्यात धरून आत जायचं.

पहिल्या वर्षी माई मला ओळखायची. दुसऱ्या वर्षी मी तिला कधी तिची बहीण वाटायचे, कधी माझी थोरली आत्या, आणि कधी कधी ती माझ्याकडं नुसती बघत राहायची आणि तिचा हात गोधडीखालून सरकत सरकत यायचा आणि माझं मनगट धरायचा. एवढ्याशा बाईच्या हातात एवढा जोर कुठून यायचा माहिती नाही. सोडवून घेता यायचं नाही, एका हातात वाटी, ती सांडली तर गादीवर डाग पडणार, म्हणून मी तशीच बसून राहायचे आणि माईचा घास चावायचा आवाज ऐकायचे, दात नव्हते तिला, नुसत्या हिरड्यांचा आवाज. दहा वर्षांची होते मी. मला तिची भयंकर भीती वाटायची. आणि ही भीती कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण भूत असतं तर सांगितलं असतं, ही तर आजी होती, हिनंच मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, रामरक्षा हिनंच शिकवली होती.

जेवण झालं की अर्ध्या तासात माई विसरायची. मग संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या की त्यांना सांगायची, "सकाळपासनं कुणी घास घातला नाही गं मला." काकू आमच्याकडं बघून हसायच्या, समजून घ्यायच्या. पण सगळेच काकूंसारखे नव्हते. माझ्या आईनं त्या तीन वर्षांत किती ऐकून घेतलं असेल, सासूला उपाशी ठेवते म्हणून, ते मला फार उशिरा कळलं.

तर हे सगळं तुंबाडच्या पहिल्या वीस मिनिटांत माझ्यासमोर आलं. घरी येऊन मला झोप लागेना, मग मी शोधायला बसले की हे लिहिलं कुणी, कारण ज्यानं हे लिहिलंय त्यानं कधीतरी अशी वाटी हातात धरलेली असणार असं मला आतून वाटत होतं.

मूळ सापडलं ते मराठीत भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांपाशी. आणि मग लक्षात आलं की अरे, ही गोष्ट तर मी वाचलेली आहे. नववीत असताना लायब्ररीतून धारप आणायचे, पुठ्ठा निघालेले, पानांवर कुणाच्या तरी चहाचे गोल डाग पडलेले, आणि घरचे ओरडतील म्हणून भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचे. त्यात 'आजी' नावाची कथा होती. घरात एकटा मुलगा आणि आतल्या खोलीत आजी. मी ती अर्ध्यात मिटली होती आणि पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत केलं होतं, माईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती तरी.

धारपांची आजी आली स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या 'ग्रामा' या कथेवरून, ती १९८४ सालची. धारपांनी किंगचं बरंच मराठीत आणलं, 'लुचाई' वाचलेल्यांना माहिती असेल ती 'सेलम्स लॉट'वरून. काही लोक यावरून धारपांना नावं ठेवतात, मला ते कधी पटलं नाही. ज्या काळात वाईसारख्या गावात इंग्रजी पुस्तक बघायलाही मिळत नव्हतं त्या काळात त्या माणसानं अमेरिकेतली भीती उचलून आमच्या माजघरात आणून ठेवली, आणि ती तिथं अशी बसली की परकी वाटलीच नाही. भाषांतर करणारे पुष्कळ असतात, भीती अशी घरात रुजवणं सोपं नाही.

किंगच्या कथेतला जॉर्ज अकरा वर्षांचा. भावाचा पाय मोडतो, आईला हॉस्पिटलात जावं लागतं, आणि अंथरुणावरच्या आजीजवळ जॉर्ज एकटा राहतो. आणि किंग स्वतः अकरा वर्षांचा असताना, १९५८ मध्ये, त्याची आई दोन पोरांना घेऊन मेन राज्यातल्या डरहॅम गावी परत गेली, आपल्या म्हाताऱ्या, परस्वाधीन झालेल्या आईवडिलांचं करायला. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. म्हणजे वाटी होती तर. डरहॅममध्येही कुठल्या तरी दाराआड वास होता, आवाज होता, आणि दाराबाहेर एक पोरगा होता ज्याला आपल्याच आजीची भीती वाटत होती.

त्या कथेत आजी उठते तेव्हा जॉर्जला फोनवर त्याची मावशी उपाय सांगते, की हस्तूरच्या नावानं तिला आडवी हो म्हण. हस्तूर. तुंबाडमध्ये म्हातारीला झोपवायला त्यातल्या राक्षसाचं, हस्तरचंच नाव घेतात. हा शब्द कुठून आला म्हणून मी अजून मागं गेले तर तो निघाला १८९१ सालच्या एका छोट्या कथेत, अँब्रोज बिअर्स नावाच्या अमेरिकन लेखकाच्या. तिथं हस्तूर हा धनगरांचा देव आहे. एक तरुण मेंढपाळ रोज सकाळी उठून त्याची प्रार्थना करतो, बास. चांगला, साधा, मेंढरं राखणारा देव. पुढं चेंबर्स नावाच्या लेखकानं १८९५ मध्ये ते नाव उचललं, मग लव्हक्राफ्ट नावाच्या भयकथालेखकानं, मग त्याच्या मागून आलेल्या लोकांनी त्याला अवकाशातला अक्राळविक्राळ प्राणी करून टाकलं, मग किंग, आणि शेवटी आपल्याकडं कोकणातल्या एका वाड्याखालच्या विहिरीत तो लाल लंगोट नेसून बसला. सव्वाशे वर्षांत एका राखणदाराचा भुकेला झाला. मी त्या रात्री किती वेळ ह्याचा विचार करत बसले होते सांगता येणार नाही, आणि डोळ्यासमोर सारखी माई, जिनं आमच्या अख्ख्या घराची राखण केली, सात माणसांचं रांधलं, आणि शेवटी तिला सगळ्यांनी भुकेली म्हणूनच लक्षात ठेवलं.

ही गोष्ट पिक्चरपर्यंत पोचली तीही पुस्तकातून नाही, तोंडातून. राही अनिल बर्वे, दिग्दर्शक, 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात रात्री एका मित्रानं त्याला धारपांची गोष्ट सांगितली आणि तो इतका घाबरला की ती डोक्यातून जाईना. चौदा वर्षांचा असेल. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यानं पहिला खर्डा लिहिला. पिक्चर थिएटरात लागला २०१८ मध्ये. एकवीस वर्षं! मधल्या काळात एकापाठोपाठ एक निर्माते आले आणि गेले, २००८ मध्ये सगळं जुळत आलेलं तेव्हाही निर्मात्यानं हात काढून घेतला, २०१२ मध्ये एकदाचं शूटिंग झालं तर एडिटिंगच्या टेबलावर बघून पटलं नाही म्हणून परत लिहिलं, परत शूट केलं, ते २०१५ मध्ये संपलं. सोहम शाह, जो मोठा विनायक झालाय, तोच निर्माताही, तो इतकी वर्षं चिकटून राहिला. आनंद गांधी आणि आदेश प्रसाद लेखनात, दिग्दर्शनात सोबत होते. ह्या लोकांकडं मोठ्या स्टुडिओचे पैसे नव्हते. त्याच वर्षी दिवाळीला एक भव्य हिंदी पिक्चर आला होता, त्याच्या नुसत्या जाहिरातीतून चार पडवीवाली घरं उभी राहिली असती.

पण पैसे कमी असले की माणूस घरात काय आहे ते बघतो, आपल्या आया नाही का, पाहुणे आले आणि भाजी नसली की डबे उघडून बघायच्या. ह्या लोकांनी तेच केलं. पाऊस पाहिजे तर खऱ्या पावसाची वाट बघितली, पावसाळ्यामागून पावसाळे. वाडा पाहिजे तर सासवडचा पुरंदऱ्यांचा वाडा धरला, मी तो बघितलाय, त्या भिंतींचा दगड ओला झाला की काळा कसा पडतो ते सेटवर करता येत नाही. उजेड कंदिलाचा आणि दिव्याचा, पंकज कुमारचा कॅमेरा त्या अंधारात एवढं दाखवतो की बाकीच्यांना फ्लडलाइट लावून दाखवता येणार नाही. आणि म्हातारीचं काम केलंय मोहम्मद समदनं, म्हणजे जो पोरगा पुढं विनायकचा मुलगा पांडुरंग झालाय त्यानंच. त्या घराण्यातली सगळ्यात जुनी बाई आणि सगळ्यात धाकटा पोरगा एकाच मुलाच्या अंगावर चढवलेत. हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं आणि अंगावर काटा आला, कारण माझा चेहरा माईवर गेलाय असं सगळे म्हणतात.

आणि मग पीठ. मला विचाराल तर ह्या पिक्चरचा जीव त्या पिठात आहे. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा, तिचं सोनं त्यानं घेतलं, धान्य घ्यायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले, आईनं त्याला वाचवलं पण अटीवर, की त्याला कधी कुणी पुजणार नाही. मग तो आईच्या पोटात, लाल भिंतींच्या त्या जागेत, सोनं घेऊन बसलाय आणि उपाशी आहे, युगानुयुगं. त्याला वर बोलवायचं तर कणकेची बाहुली टाकायची, आपण पिठाच्या रिंगणात उभं राहायचं, आणि तो बाहुली खाण्यात गुंग असताना त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडायच्या.

आता हे सांगा, ह्यात बाहेरचं काय आहे? दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे आपल्याच घरात होतात. पोर आजारी पडलं की दहीभाताचा उतारा तिकाटण्यावर ठेवून मागं न बघता यायचं, हे मी आईच्या हाताला धरून केलंय. घराच्या आजूबाजूला जे काही असेल नसेल त्याला आधी खायला द्यायचं, मग आपण निजायचं, ही आपल्याकडची रीतच. हस्तर त्या रीतीतून उठलाय. म्हणून तो आला की मला किळस येत नाही, पोटात काहीतरी हलतं. नीट बघा त्याच्याकडं. कातडी सोललेली, लाल, लहानखुरा, चार पायांवर येतो आणि बाहुलीवर तुटून पडतो. जेवायला बसलेलं उपाशी पोर आहे ते. विनायकला तो राक्षस दिसतो कारण विनायकला मोहरांशिवाय दुसरं काही बघायचंच नसतं. कणीक नेणारा एक माणूस त्या विहिरीत वर्षानुवर्षं उतरतो आणि त्याच्या मनात एकदाही येत नाही की ह्याला पोटभर खाऊ द्यावं.

एक गोष्ट मात्र खटकली आणि ती मी मनापासून सांगते. हा पिक्चर मराठीत पाहिजे होता. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलं, तुंबाड गाव रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यात जगबुडीच्या काठावर, माणसं विनायक, सदाशिव, पांडुरंग, विनायकच्या बायकोच्या कामात आपली अनिता दाते, वाडा सासवडचा, गोष्ट धारपांची, आणि तोंडात हिंदी. मला धंद्याचं गणित कळतं, हिंदीत झाला म्हणून इतक्या लोकांनी बघितला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या फेस्टिव्हलमध्ये क्रिटिक्स वीकचा पडदा ह्या पिक्चरनं उघडला, भारतातला पहिलाच असा, अभिमान वाटला. तरीसुद्धा ती म्हातारी जेवायला मागते तेव्हा मला दरवेळी वाटतं की हे मराठीत ऐकायला मिळायला पाहिजे होतं. ते वाक्य मराठीत कसं ऐकू येतं मला माहितीये.

पुढं सहा वर्षं गेली. १३ सप्टेंबर २०२४ ला तो परत थिएटरात लावला आणि ह्या वेळी लोक तुटून पडले, पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. मधल्या काळात लोकांनी तो मोबाईलवर, टीव्हीवर बघून बघून एकमेकांना सांगितलेला. नागझिऱ्यात एका मित्रानं दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट शेवटी तशीच पसरली, तोंडातून तोंडात.

आई तेव्हा माझ्याकडं पुण्याला आली होती. बहात्तर वर्षांची. तिला मी भीतीचा पिक्चर आहे, तुला नको, असं म्हणाले तर ती म्हणाली, "पेपरात तुंबाड तुंबाड वाचलंय मी, पेंडशांचं आहे ना?" मी म्हटलं नाही गं, धारपांचं. "मग तर येणारच," म्हणाली. थिएटर गच्च भरलेलं, कॉलेजची पोरं, आणि त्यांच्या मधोमध माझी आई, मांडीवर पर्स, नेटकी बसलेली. मी पिक्चर बघतच नव्हते, तिच्याकडं बघत होते. विनायक जेवण घेऊन निघाला तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला. तेवढंच. पुढं पंधरा वर्षांनी तो परत येतो आणि म्हातारीच्या अंगातून झाड उगवलेलं असतं आणि ती तरीही जिवंत असते, मरता येत नाही म्हणून तळमळत असते, तिथं आईनं अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "सुटू दे गं बाई हिला."

घरी आलो तेव्हा साडेबारा झालेले. मी चहा टाकला. आणि काय झालं माहिती नाही, तेहेतीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते मी गॅसपाशी उभी राहून, तिच्याकडं पाठ करून, सांगून टाकलं.

१९९१ च्या श्रावणातला दिवस. दुपारपासून अंधारून आलेलं, लाइट गेलेली, म्हणजे आतला झिरोचा बल्बही बंद. मी भात गरम केला, घोटला, वाटी घेतली, माजघरापर्यंत गेले. आतून माईचा आवाज येत होता, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले. मला काही केल्या पाय आत टाकता येईना. ती म्हणाली, "आलीस? ये की." मी मागं वळले आणि स्वयंपाकघरात जाऊन अख्खी वाटी मोरीत ओतली, वरून दोन तांबे पाणी घातलं, वाटी घासून पालथी घातली, आणि पडवीत जाऊन गृहपाठ करत बसले. साडेपाचला आई आली, माईंना भरवलंस का विचारलं, मी हो म्हणाले. मग सहाच्या सुमाराला काकू आल्या आणि माई त्यांना नेहमीसारखं म्हणाली, सकाळपासनं कुणी घास घातला नाही गं मला. काकू नेहमीसारख्या हसल्या. आई हसली. आणि मी पण हसले.

तीन वर्षांत ती रोज ते वाक्य बोलली, आणि त्या एका संध्याकाळी दुपारच्या घासापुरतं ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्या घरात फक्त मला आणि तिला माहिती होतं. पुढच्या वर्षी ती गेली. मी भीतीच्या गोष्टी वाचायला लागले ते त्यानंतर. सगळ्या भुतांच्या गोष्टींत मी एकच गोष्ट शोधत असायचे, की कुणी तरी त्या भुताला विचारेल, जेवलीस का.

हे सगळं बोलून झालं तरी आई काही बोलली नाही. मला वाटलं रडते की काय. वळून बघितलं तर ती खुर्चीत बसून साडीच्या पदराला पीळ घालत होती, विचार करत असली की ती तसं करते.

"मोरीच्या तोंडाशी शितं अडकली होती," ती म्हणाली. "मी भांडी घासायला बसले तेव्हा दिसली. मेतकुटाचा वास आला."

मी म्हटलं, "मग तू मला काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? दहा वर्षांचं पोर. मलासुद्धा त्या खोलीत जायला नको वाटायचं कधी कधी. आणि लाइट नव्हती त्या दिवशी." मग थोडं थांबून म्हणाली, "रात्री तू झोपल्यावर कंदील घेऊन गेले मी आत. परत भात लावला होता. दोन वाट्या खाल्ल्या माईंनी. नीट, सावकाश. ठसका पण नाही लागला."

चहा उतू गेला होता. मी गॅस बंद केला. आई उठली, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि पुसायला लागली, आणि पुसता पुसता म्हणाली, "मेतकूट आहे का गं तुझ्याकडं? मला भूक लागलीये."